बंद करणारा हात जवळ, नाव सांगणारा हात दूर

31 ऑक्टोबर 2023. धारूरची बाजारपेठ बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आदल्या दिवशी माजलगावात आमच्या मतदारसंघाच्या आमदारांचे घर जाळले गेले होते आणि बीड शहरातही जाळपोळ झाली होती. आरक्षणाच्या आंदोलनावरची एक ध्वनिफीत मोबाइलवरून फिरली आणि पुढचे सगळे काही तासांत घडले. जिल्ह्यात संचारबंदी लागली, तालुक्याच्या गावांनाही ती होती, आणि तिच्यासोबत इंटरनेट बंद झाले.

आमच्याकडे हे दिवस ऊसतोडीला निघण्याचे असतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाप तेव्हा पश्चिम महाराष्ट्राच्या वाटेला लागलेले, मुले आजीजवळ. साधा फोन लागत होता, नाही असे नाही. पण रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आईचे तोंड बघून झोपणारे पोर त्या दोन-तीन रात्री आजीला झोपू देत नव्हते, असे तिने मला नंतर सांगितले. किराणा दुकानात 'फोनपे नाही, रोख द्या' हे पाठ झाले. सीताफळाच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बायांना मात्र काही फरक पडला नाही, त्यांचा व्यवहार आधीपासून रोखीचाच.

नेट बंद करणे चूकच होते, असे मी म्हणणार नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सऍपवरच्या अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. जून 2014 मध्ये पुण्यात फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून शहर पेटले आणि त्या चित्रांशी काडीचाही संबंध नसलेला एक तरुण इंजिनिअर नमाज पढून परतताना मारला गेला. ज्यांच्या घरात असे घडले, त्यांना विचारले तर ते म्हणतील, दोन दिवस नेट नव्हते तर काय बिघडले? मला एवढेच नोंदवायचे आहे की हे किती झटपट होते. गृह विभागातून एक आदेश निघतो, कंपन्यांना कळवला जातो आणि लाखो माणसांचे नेट मिटते.

आता दुसरी गोष्ट ऐका.

2024 च्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई माझ्याकडे आली. गाव सांगत नाही, कॉलेजही सांगत नाही. मुलगी एकोणीस वर्षांची, बारावीला चांगले गुण, पुढचे शिक्षण सुरू. चुलत बहिणीच्या लग्नातला तिचा फोटो कुणीतरी नातेवाइकाच्या स्टेटसवरून उचलला आणि एका परदेशी कंपनीच्या ऍपवर तिच्या नावाने खोटे खाते उघडले. फोटोखाली जे लिहिले होते ते इथे लिहिण्यासारखे नाही. ते खाते आधी कॉलेजमधल्या मुलांनी पाहिले, मग मोहल्ल्याने, आणि सगळ्यात शेवटी घरच्यांनी. आई दारातच म्हणाली, "मॅडम, तिचे अब्बा म्हणतात कॉलेज बंद. तुम्ही तरी समजवा."

मी समजावायला गेले तेव्हा त्यांनी मला चहा पाजला, पंख्याखाली बसवले आणि एकच प्रश्न विचारला: "हे कुणी केले ते सांगा. नाव सांगा. मग मी तिला कॉलेजला पाठवतो." बापाचा राग चुकीच्या माणसावर निघत होता, हे खरे. पण प्रश्न चुकीचा नव्हता.

आम्ही ऍपवर तक्रार केली, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद केली आणि ठाण्यात गेलो. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे नग्न किंवा अश्लील छायाचित्र, किंवा एखाद्याचे सोंग घेऊन, चित्रात फेरफार करून टाकलेला मजकूर, याबद्दल त्या व्यक्तीने तक्रार केली तर कंपनीने तेव्हा 24 तासांत तो काढण्याची व्यवस्था करायला हवी होती. आमच्या बाबतीत खाते सहाव्या दिवशी गेले. पण गेले. नाव मात्र आले नाही.

ठाण्यातले फौजदार भले माणूस. त्यांनी कागद पुढे ओढला आणि वर्गात आम्ही काढतो तशी आकृती काढून दाखवली. "मॅडम, खाते उघडणाऱ्याचा फोन नंबर आणि कुठल्या जोडणीवरून उघडले, एवढे आम्ही कंपनीला विचारतो. ते द्यायचे की नाही, हे बरेचसे कंपनीच्या मर्जीवर. आणि त्याने कुणाला काय मेसेज केले ते हवे असेल, तर आमचा अर्ज राज्याच्या गृह विभागाकडे, तिथून दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे, तिथून अमेरिकेच्या न्याय विभागाकडे, तिथल्या न्यायाधीशाकडे, मग कंपनीकडे. आणि उत्तर त्याच वाटेने उलटे." पेन खाली ठेवून ते म्हणाले, "खून-दरोड्यातही वर्ष वर्ष लागते."

मी घरी आल्यावर विचार करत होते. पोर बीड जिल्ह्यातली. ज्याने केले तोही बहुधा ह्याच जिल्ह्यातला, लग्नाच्या पंगतीत जेवून गेलेला. पोलीस इथले, कायदा इथला. फक्त त्याच्या नावाची चिठ्ठी सात समुद्रापार कुणाच्या तरी कपाटात. जिल्ह्याचे नेट बंद करण्याची ताकद असलेले सरकार त्या कपाटासमोर मात्र अर्ज घेऊन रांगेत उभे.

हे फक्त आमच्याच मुलीचे नशीब नव्हते. जुलै 2021 मध्ये गिटहब नावाच्या संकेतस्थळावर एक ऍप आले. गिटहब म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आपले काम ठेवायची जागा, मालकी अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टची. त्या ऍपवर मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला होता. ऍपच्या नावातच मुस्लिम स्त्रियांना दिली जाणारी शिवी होती. फोटो कुणाचे, तर पत्रकार, वैमानिक, सामाजिक कार्यकर्त्या यांचे, म्हणजे ज्या बोलतात त्यांचे. ओरड झाल्यावर ऍप काढले गेले. दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि तपास तिथेच अडकला, कारण माहिती अमेरिकेत आणि ती आणायची वाट म्हणजे दोन देशांमधला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार. भारत आणि अमेरिका यांनी हा करार 2001 मध्ये केला, तो 2005 पासून लागू आहे. सहा महिने एकही अटक नाही. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या खासदार प्रियंका चतुर्वेदी यांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्रे लिहिली.

आणि 1 जानेवारी 2022 रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी, तसेच दुसरे ऍप त्याच गिटहबवर आले. या वेळी शंभराहून अधिक महिला. बेपत्ता झालेल्या एका विद्यार्थ्याच्या वयस्कर आईचाही फोटो त्यात होता. आपल्या लेकाला शोधत दारोदार फिरणाऱ्या बाईलाही त्यांनी सोडले नव्हते.

या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने परदेशातल्या उत्तराची वाट पाहिली नाही. ऍपचा प्रचार करणाऱ्या समाजमाध्यमांवरच्या खात्यांचा माग काढत त्यांनी काही दिवसांतच बंगळुरूतून एका विद्यार्थ्याला आणि उत्तराखंडातून एका अठरा वर्षांच्या मुलीला अटक केली. दिल्ली पोलिसांनी आसामच्या जोरहाटमधून एकाला पकडले. त्याच्या चौकशीतून सहा महिने अडकलेल्या जुन्या ऍपच्या प्रकरणाचा धागा सापडला आणि इंदूरमधून एकाला अटक झाली. सगळे भारतातलेच, सगळे विशी-पंचविशीतले. ह्यांचे वय ऐकले तेव्हा मला माझ्या वर्गातली मागची बाके आठवली, खोटे कशाला बोलू?

आपल्याकडे लोक पटकन म्हणतात, मग परदेशी कंपन्यांना हाकलून द्या, आपले इंटरनेट आपले करा. ही भाषा ऐकायला गोड आहे. माझे आजोबा निजामाच्या राज्यात वाढले. धारूर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. त्या राज्याचे सगळे स्वतःचे. स्वतःचा हाली सिक्का, स्वतःची टपाल तिकिटे, हद्दीवर करोडगिरीचे नाके. आजोबा कापडाचे गाठोडे घेऊन अहमदनगर जिल्ह्यातल्या बाजारांना जात, म्हणजे इंग्रजांच्या मुलखात. कमरेला दोन पिशव्या, एकीत हाली, दुसरीत कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशेब ते आम्हाला बोटांवर करून दाखवायचे. नाक्यावर गाठोडे सोडायचे, मोजायचे, पुन्हा बांधायचे. राज्य आपले होते, पण त्या नाक्यावर त्यांची मजुरी जात होती.

इंटरनेटवर हे नाके आजही आहेत. माझा भाचा शारजाला असतो. त्याला व्हॉट्सऍपवरून कॉल लागत नाही, कारण अमिरातीत त्या कॉलला परवानगी नाही. तिथल्या सरकारने मान्य केलेले ऍप वापरावे लागते. माझी बहीण इकडे ते ऍप उघडता येत नाही म्हणून रोज शेजारच्या पोराला हाक मारते. सौदीत 2017 पर्यंत असेच होते, मग त्यांनी मोकळीक दिली. चीनमध्ये तर गुगल नाही, फेसबुक नाही, व्हॉट्सऍप नाही. आणि आपण 29 जून 2020 ला टिकटॉकसह 59 चिनी ऍप बंद केली, कारण दिले देशाच्या सार्वभौमत्वाचे. आमच्या गावातली जी पोरे टिकटॉकवर नाचत होती, ती दोन महिन्यांत दुसऱ्या ऍपवर नाचू लागली. चीनचे गेले, अमेरिकेचे आले. ह्यात आपले काय आले, ते मला अजून कळलेले नाही.

उलट टपालाचे बघा. 1874 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात देशांनी एकत्र बसून टपालाचा करार केला आणि दोन वर्षांनी भारत त्यात सामील झाला. त्या करारामुळे 1990 च्या दशकात माझे मामू जेद्दाहून पत्र टाकायचे आणि सौदीचे तिकीट लावलेले ते पाकीट धारूरच्या पोस्टमनच्या झोळीतून घरी यायचे. सौदीने आपले स्वातंत्र्य गमावले नाही, आपणही नाही. तिकीट प्रत्येकाचे आपले, पण पत्र पोचवायचे दोघांनी.

इंटरनेटवरच्या गुन्ह्यांसाठी असा करार करण्याचा पहिला मोठा प्रयत्न युरोपने केला. 2001 मध्ये हंगेरीत बुडापेस्टला सायबर गुन्ह्यांचा करार सह्यांसाठी खुला झाला. पुढे अमेरिका, जपान असे युरोपबाहेरचे देशही त्यात आले. भारत आला नाही. आपले म्हणणे असे की मसुदा ठरला तेव्हा आम्हाला विचारले नव्हते, दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदावर आम्ही सही का करायची? ह्यात स्वाभिमान आहे आणि मला तो समजतो. आपल्या घरच्या बैठकीत न विचारता ठरवलेले लग्न कुणाला आवडते? पण वीस-बावीस वर्षे नुसते रुसून बसल्याने फौजदारांच्या कागदावरची ती वाट एक पायरीनेही कमी झाली नाही.

भारताने स्वतःहून काही सुचवले नाही, असे नाही. 2011 मध्ये आपण संयुक्त राष्ट्रांत इंटरनेटच्या धोरणासाठी सरकारांची एक समिती मागितली होती. 2012 च्या डिसेंबरात दुबईत दूरसंचाराच्या नियमांवर जगभरचे देश भांडले, 89 देशांनी तिथेच सह्या केल्या, भारताने केली नाही. मग 2015 मध्ये आपण म्हटले की नुसती सरकारे नकोत, कंपन्या, तज्ज्ञ, नागरिक सगळे असावेत. मत बदलणे वाईट नाही. माझेही मत या बाबतीत दोनदा बदलले आहे.

ते का बदलले, ते सांगते. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीने त्यावर फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या नुसत्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. एक मुस्लिम, एक हिंदू, दोघी विशीच्या आसपासच्या. तेव्हा कुठल्या परदेशी कपाटाची अडचण आली नाही. माहिती आयटी कायद्याच्या कलम 66अ मुळे क्षणात गुन्हा बनली. एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि 24 मार्च 2015 रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केले. म्हणजे ज्या सरकारच्या हातात नाव यावे म्हणून मी ठाण्यात बसले होते, त्याच सरकारच्या हातात उद्या माझ्याच विद्यार्थिनीचे नाव जाऊ शकते, तिने काही विचारले म्हणून.

म्हणूनच 24 डिसेंबर 2024 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांचा नवा करार मंजूर केला, तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचली. यात सगळ्यांना बसवले होते, भारतही मसुद्याच्या चर्चेत होता. 'आम्हाला विचारले नाही' हे आता कुणी म्हणू शकणार नाही. संमतीशिवाय खासगी चित्रे पसरवणे हा गुन्हा मानावा, असे एक कलमही त्यात आहे. ते वाचून मला त्या आईची आठवण झाली. चाळीस देशांनी मान्यता दिली की करार लागू होईल, सह्यांचा कार्यक्रम 2025 मध्ये व्हिएतनाममध्ये हनोईत झाला.

पण मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या अनेक संस्थांनी या करारावर टीका केली आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. ज्या गुन्ह्याला चार वर्षे किंवा जास्त शिक्षा असू शकते, अशा कुठल्याही गुन्ह्यासाठी एक देश दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉनिक पुरावा मागू शकेल. आता गुन्हा कशाला म्हणायचे आणि शिक्षा किती ठेवायची, हे ज्याच्या त्याच्या घरचे. एखाद्या देशात सरकारवर टीका करायलाच पाच वर्षे असतील तर? करारात एक खिडकी ठेवली आहे. धर्म, वंश, भाषा, राजकीय मत यांवरून कुणाला छळण्यासाठी माहिती मागितली जाते आहे असे सबळ कारणांनी वाटले, तर देश नकार देऊ शकतो. देऊ शकतो, द्यायलाच हवा असे नाही. हा फरक व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला लगेच दिसतो.

मला विचाराल तर भारताने या करारात जावे, पण दाराला दोन्ही बाजूंनी कडी लावून. माहिती मागताना आपल्याकडच्या न्यायाधीशाची सही असावी, देताना त्यांच्याकडच्या. फौजदारांच्या आकृतीतली मधली टेबले काढता येतील, पण न्यायाधीशाचे टेबल काढायला मी तयार नाही, मुलीच्या बापाचा प्रश्न कितीही टोचला तरी. आणि नेट बंद करण्याबाबतही तेच. 10 जानेवारी 2020 ला काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नेट बंद करण्याचा आदेश लपवून ठेवता येणार नाही, तो जाहीर करावा लागेल, आणि बेमुदत बंदी चालणार नाही. हा निकाल धारूरच्या आजीलाही लागू आहे, तिला ठाऊक नसला तरी.

वाचकांना, विशेषतः मुलींच्या आयांना, एक गोष्ट सांगायची राहिली. देशादेशांचे करार होतील तेव्हा होतील, एक सोय आजही सीमा न बघता चालते. स्टॉपएनसीआयआय नावाचे संकेतस्थळ आहे, ब्रिटनमधल्या एका सेवाभावी संस्थेचे. एखादे खासगी चित्र कुणी पसरवील अशी भीती असेल, तर अठरा वर्षांवरील व्यक्ती तिथे जाऊन त्या चित्राचा आकड्यांचा ठसा तयार करू शकते. चित्र आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, फक्त ठसा जातो. त्यात सामील असलेल्या कंपन्या त्या ठशाशी जुळणारे चित्र आपल्या ऍपवर शोधून अडवतात. पैसे लागत नाहीत. पोर्टलवर तक्रार करताना मात्र घाईने सगळे पुसून टाकू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या, खात्याचा पत्ता लिहून ठेवा. आमच्या प्रकरणात मुलीच्या भावाने रागात अर्धे पुसून टाकले होते, ते फौजदारांना फार जड गेले.

सात महिन्यांनी कंपनीकडून एक फोन नंबर आला. सिमकार्ड एका म्हाताऱ्या शेतमजुराच्या नावावर निघाले. त्याला स्मार्टफोन वापरताच येत नाही आणि ते कार्ड कुणी घेतले ते त्याला सांगता आले नाही. तपास चालू आहे.

मुलगी कॉलेजला जाते. बापाने अट सोडली ती मी समजावले म्हणून नव्हे. एके दिवशी तिने स्वतःच सकाळी डबा भरला, चपला घातल्या आणि सलाम करून निघाली. ते दारात उभे होते, त्यांनी अडवले नाही. परवा ती मला बसस्थानकावर भेटली. परीक्षेचे सांगत होती, हसत होती. तिच्या व्हॉट्सऍपला फोटोच्या जागी अजून नुसता राखाडी गोल आहे. तिच्या आईने तक्रारीचा क्रमांक वहीच्या पानावर लिहून रेशनकार्डाच्या आत ठेवला आहे. मी गेले की ती तो काढून दाखवते आणि पुन्हा घडी घालून ठेवते.